नव्वद किलोंची परिक्रमा

एका जंगलात, मुलांनो, एक डोंगर होता. सिंहही होता, पण तो या गोष्टीत येत नाही, तेव्हा त्याची वाट बघू नका. नीट मांडी घालून बसा आणि ऐका.

त्या डोंगरावर थोरली आई नावाची देवी राहायची. नवस फेडायचा तर डोंगराला पायी फेरी मारावी लागे. धडधाकट प्राण्याला आठ दिवस लागत.

त्याच जंगलात भिकाजीराव नावाचा गवा राहायचा. एकदा त्याची बायको सुंदराबाई खुरकुतीने आजारी पडली. चारी पाय सुजले, चारा तोंडात जाईना. भिकाजीराव घाबरला. "आई, हिला बरं कर, तिसऱ्या चैत्री पौर्णिमेच्या आत पायी परिक्रमा करीन," असे तो बोलून गेला.

सुंदराबाई आठवड्यात उठून चरायला लागली. देवीने आपले काम केले. आता भिकाजीरावाची पाळी होती.

तो लगेच निघणार, तेवढ्यात त्याला धवलपंत भेटले.

धवलपंत म्हणजे बगळा. एका पायावर उभे राहून ते विचार करत, म्हणून सगळे त्यांना विद्वान समजत. त्यांनी परिक्रमा सात वेळा केली होती. वरून.

"असे कसे निघालात?" धवलपंत म्हणाले. "पूर्वतयारी शिबिर केलंत का?"

"नाही हो. म्हटलं, चालायचंच तर आहे."

"चालायचंच!" धवलपंतांनी दुसराही पाय वर घेतला आणि पाण्यात पडले. बाहेर येऊन पंख झटकत म्हणाले, "अहो, दरवर्षी याच गैरसमजापायी लोक पोहोचतात."

भिकाजीराव वरमला आणि शिबिराला बसला. शिबिर दोन वर्षे चालले.

तिथे पुष्कळ उपयुक्त सूचना मिळाल्या. बूट नवे घालून निघू नये, आधी महिनाभर घालून मुरवावेत. मोजे दोन-दोन घालावेत. पायाला फोड आलाच तर साळिंदराकडून सुई मागून घ्यावी. पहाटे निघावे, उन्हाआधी थांबावे. पाठीवरचे सामान आपल्या वजनाच्या एक दशांश असावे.

भिकाजीरावाचे वजन नऊशे किलो. त्याने हिशेब केला आणि नव्वद किलो सामान गोळा करायला घेतले.

"अहो, एवढं कशाला?" सुंदराबाईने विचारले.

"नियम आहे."

"जास्तीत जास्त एवढं, असा असेल."

"तू शिबिराला होतीस का?"

सुंदराबाई शिबिराला नव्हती. पिशवीत सत्तर किलो भरले, पण आणखी काय न्यावे ते सुचेना, तेव्हा भिकाजीरावाने वीस किलोंचा एक दगड टाकला. सामान नियमाला धरून झाले.

शेवटी तिसऱ्या वर्षी, पौर्णिमेला अकरा दिवस उरले असताना, तो निघाला. चारी खुरांना बूट. बुटांत आठ मोजे. डोक्यावर टोपी, ती शिंगांवर अडकवलेली. दोन काठ्या होत्या, पण त्या धरायच्या कशाने हे शिबिरात राहून गेले होते, म्हणून त्या दातांत. निरोप घेताना त्याला "येतो" म्हणता आले नाही.

पहिल्या दिवशी तो समोरच्या जांभळीपर्यंत गेला. सुंदराबाईला तो घरूनच दिसत होता. संध्याकाळी तिने जरा पुढे होऊन विचारले, "जेवायला येताय का?"

भिकाजीरावाने मानेनेच नाही म्हटले. नवस म्हणजे नवस.

असे धापा टाकत, थांबत, बूट काढत, फोड बघत, बूट घालत, सात दिवसांनी तो अर्ध्या वाटेवर पोहोचला. तिथे दलदल होती. पायवाट कडेकडेने जात होती. पण भिकाजीराव पाठीवरच्या ओझ्याने एका बाजूला झुकला, आणि मुलांनो, नऊशे अधिक नव्वद किलो थेट चिखलात गेले.

बुटांत चिखल भरला. एक पाय उपसावा तर तीन रुतत. वाकून बंद सोडावेत तर तोंड पोहोचेना. सकाळचे ऊन अंगावर येऊ लागले. चार दिवस उरले होते आणि अर्धी वाट. भिकाजीरावाला सुंदराबाईचे सुजलेले पाय दिसायला लागले. दातांतल्या काठ्या गळून पडल्या आणि एवढा मोठा गवा हमसून हमसून रडू लागला.

"कोण रडतंय रे?" खालून बारीक आवाज आला. "जरा हळू. लाटा येतायत."

एक म्हातारी चिचुंद्री गवताच्या काडीवर उभी होती. तिला ठकूमावशी म्हणत.

"मावशी, मी अडकलोय."

"ते नाकाला कळलं. डोळ्यांना नाही दिसत बाई आता. केवढा आहेस तू?"

"नऊशे किलो."

"अगंबाई! एकाच जागी?"

भिकाजीरावाने तिला सगळे सांगितले. नवस, सूज, पौर्णिमा. चिखलावरच्या पाल्यावरून तुरूतुरू येऊन मावशीने पहिल्या बुटाचा बंद कुरतडायला घेतला.

"शी! कसला मेणचट आहे हा!"

"मुरवलेला आहे, मावशी."

"तरीच!"

चार बंद आणि पिशवीचा पट्टा तोडेपर्यंत दुपार झाली. पिशवी चिखलात डुबकन गेली. भिकाजीरावाने एक पाय उचलला. बूट खाली राहिला, पाय वर आला. दुसरा, तिसरा, चौथा. तो कोरड्या जमिनीवर उभा राहिला आणि एकदम ओरडला, "मावशी, जमीन गार आहे!"

"झाडाखाली गारच असते ती."

"तुम्हीही परिक्रमेलाच का? कधी निघालात?"

"संक्रांतीला."

"शिबिर? सामान?"

"दोन सुके नाकतोडे होते. ते पहिल्याच दिवशी खाल्ले."

"नवस कसला?"

"नवस नाही रे. नजर जायला लागली, तेव्हा म्हटलं, पुरती जायच्या आत आईचा डोंगर चारी बाजूंनी बघून घेऊ. आता दिसत नाहीच फारसा, पण वास येतो. या बाजूला करवंदं आहेत."

भिकाजीराव खाली वाकला. "बसा माझ्या पाठीवर. नेतो तुम्हाला."

"पायी निघालेय ना मी? तू पळ. बायको वाट बघतेय."

मग भिकाजीराव जो सुटला! चढ चढला, उतार उतरला, ओढे ओलांडले, सुई वाटणाऱ्या साळिंदराला न थांबता नमस्कार केला. पौर्णिमेच्या दिवशी, सूर्य डोंगराआड जायच्या आत, तो फेरी पुरी करून देवीच्या पायरीशी पोहोचला. सुंदराबाई चारी धड पायांवर तिथे उभी होती.

"बूट कुठेत?" तिने विचारले.

"टाकले. सगळंच टाकलं!"

हे ऐकताच जमलेले प्राणी पुढे सरसावले. "नव्वद किलो टाकले! केवढा त्याग!" कुणीतरी हार आणला. धवलपंत वरून उतरले आणि एका पायावर उभे राहिले. सगळे श्वास रोखून बघत राहिले.

"माझ्या शिबिराचा हाच तर हेतू होता," धवलपंत म्हणाले.

त्या वर्षापासून शिबिरात नवे प्रकरण आले: वाटेत काय टाकावे. निघताना निवडक आणि भारी सामान घ्यायचे, दलदलीपर्यंत वाहून न्यायचे आणि तिथे विधिपूर्वक टाकायचे. भिकाजीराव अध्यक्ष झाला. सुरुवातीला "नुसते चाला" एवढेच सांगायचा, पण त्याने सभा लवकर संपे. हळूहळू त्याला तासभर बोलता येऊ लागले. अध्यक्षाला शोभतील असे नवे बूटही आले.

आषाढाच्या तोंडावर ठकूमावशी फेरी पुरी करून परतली. शिबिराच्या मांडवाच्या दाराशी स्वयंसेवक माकडाने तिला अडवले.

"मावशी, तुम्ही काय टाकलंत?"

"काहीच नव्हतं रे टाकायला."

"मग जरा बाजूने जा. आत त्यागावर व्याख्यान चाललंय."

मावशी बाजूने गेली. बिळात शिरून तिने पाय पसरले आणि तीन दिवस गाढ झोपली.

तात्पर्य: मुलांनो, लांबच्या यात्रेला कमी सामान घेऊन जा, असे कुणी सांगितले तर मुळीच ऐकू नका. रिकाम्या हाताने गेलेला नुसता पोहोचतो.