तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

मिनेसोटातल्या आमच्या भागात कोणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'एवढं म्हणतोस तर' असं पुटपुटत घ्यायचं, अशी रीत आहे. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा हावरट ठरतो. (दारात आगीचा बंब आला तेव्हा हॅल्वर्सन म्हाताऱ्याने दोनदा 'कशाला त्रास' म्हटलं होतं. कोठार गेलं, पण अब्रू राहिली.)

म्हणून आमच्या वर्लिनला शेजारच्या लायलने "शनिवारी माझा मोठा ट्रेलर नेतोस का?" असं विचारलं, तेव्हा तो रीतीप्रमाणे नको म्हणाला. लायलने पुन्हा विचारलं. वर्लिन पुन्हा नको म्हणाला आणि चेहऱ्यावर साजेसा संकोच आणून तिसऱ्या विचारण्याची वाट बघत उभा राहिला. तेवढ्यात लायलच्या बायकोने जेवायला हाक मारली आणि लायल निघून गेला.

आली का पंचाईत! तीस मैलांवरच्या जत्रेत जुन्या ट्रॅक्टरांची मिरवणूक होती. सगळ्यांत पुढे वर्लिनचे सासरे, नव्वदीचे थोरवाल्ड, आपल्या तरुणपणच्या ट्रॅक्टरवर बसणार होते आणि तो तिथे पोचवायची जबाबदारी जावयाची होती. विम्याच्या कचेरीत जन्म घालवलेल्या या जावयाला सासरेबुवांनी तीस वर्षांत एकदाही 'वाईट नाही' म्हटलं नव्हतं. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. वर्लिनचा सगळा जीव त्या दोन शब्दांत अडकला होता.

त्याच्या स्वतःच्या ट्रेलरवर मात्र ट्रॅक्टर चार बोटं रुंद पडत होता.

"चाकं आत घेतो," तो बायकोला म्हणाला. "चाकाच्या मधली लोखंडी तबकडी काढायची, उलटी बसवायची. झालं."

"कुठली बाजू कुठे, ते बघितलंस का?" अर्डिसने विचारलं.

"त्यात काय बघायचंय?"

बाहेर डास फार, म्हणून त्याने काम शेडमध्ये घेतलं. जॅक लावला, नट सोडवले. चाक त्याच्यापेक्षा जड आणि त्याच्यापेक्षा हट्टी निघालं. दोनदा ते त्याच्या अंगावर रेललं आणि दोन्ही वेळा वर्लिनने त्याची माफी मागितली. (सवय हो, दुसरं काय.) पहिलं चाक बसत आलं तेव्हा लायल कॉफीचा मग घेऊन दारात उभा राहिला. चाकाकडे बघत त्याने एक घोट घेतला.

"हं," तो म्हणाला. "असंही बसवतात म्हणा."

आमच्याकडे याचा अर्थ 'थांब, गाढवा' असा होतो. पण कौतुकाला आसुसलेल्या माणसाला शिवीही गोड लागते. वर्लिनने दुप्पट उत्साहाने दुसरं चाकही तसंच बसवलं, ऐटीत ट्रॅक्टर सुरू केला आणि मागे घेतला. दोन्ही चाकं एकदमच दाराच्या चौकटीला धडकली.

"दार अरुंद झालं की काय?" वर्लिन म्हणाला.

"दार आहे तेवढंच आहे," लायल म्हणाला. "चाकं बाहेर गेलीत."

"मग मघाशी बोलला का नाहीस?"

"बोललो की."

मग दोघांनी मिळून दोन्ही चाकं पुन्हा काढली आणि सूर्य मावळेपर्यंत ती नीट आत बसवली.

शनिवारी थोरवाल्ड मिरवणुकीच्या पुढे ताठ बसून गेले. नंतर ते जावयाजवळ आले, ट्रॅक्टरकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "वाईट नाही." वर्लिनचे डोळे भरून आले. (सासरेबुवांच्या तोंडात तेव्हा जत्रेतल्या 'ॲपल पाय'चा घास होता. पण ते ट्रॅक्टरबद्दलच बोलले, असं वर्लिन अजून शपथेवर सांगतो.)

त्या आनंदात असतानाच लायल येऊन म्हणाला, "परत नेताना माझा मोठा ट्रेलर आणू का?"

आता रीत गेली खड्ड्यात, वर्लिनने ठरवलं. "हो," तो म्हणाला. "आण."

लायलला कॉफीचा ठसका लागला. शेजारच्या टेबलावरच्या बायका वळून पाहू लागल्या. अर्डिसने मान खाली घातली.

"तो मी गेल्याच वर्षी विकला," लायल हळूच म्हणाला.

"मग परवा दोन-दोनदा विचारलंस कशाला?"

"अरे, विचारणं माझं काम," लायल दुखावल्या आवाजात म्हणाला. "नको म्हणणं तुझं."