प्रतिक्षाचा बायोडाटा

"कुणाच्या मुलीची जन्मतारीख, फोटो, फोन नंबर, असं काही तुम्ही एआयला सांगितलंत की ते गेलंच समजा. परत येत नाही," मिना मॅडम म्हणाल्या आणि माणिकरावांच्या कपातला चहा बशीत सांडला.

वारंगा फाट्यावरच्या बियाणे कंपनीत सकाळपासून प्रशिक्षण चाललं होतं. नवे नियम आले होते. एआय जबाबदारीनं कसं वापरायचं हे शिकवायला मुख्य कार्यालयानं मॅडमना नांदेडहून धाडलं होतं. न विचारता दुसऱ्याची खासगी माहिती यंत्रात घातली तर नोकरीही जाऊ शकते, हे त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं. वाईट गोष्ट गोड आवाजात आली की माणूस जास्तच घाबरतो.

माणिकराव कंपनीत हेडक्लार्क होते खरे, पण पंचक्रोशी त्यांना ओळखायची ती सोयरिकी जुळवणारा माणूस म्हणून. मॅनेजर बालाजीरावांनी गेल्या महिन्यात आपल्या प्रतिक्षाचा बायोडाटा त्यांच्या हाती दिला होता आणि "कुठं बोभाटा होऊ देऊ नका" असं बजावलं होतं. माणिकरावांनी शब्द पाळला. माणसांपाशी अवाक्षर काढलं नाही. फक्त ऑफिसच्या कंप्युटरवर एआयला सगळं सांगितलं. जन्मवेळ, मामकुळ, मागे मोडलेलं स्थळ, काही बाकी ठेवलं नाही. वर "बायोडाटा जरा वजनदार भाषेत लिही" अशी सूचना केली.

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ते कंप्युटरपुढे जाऊन बसले. शेजारच्या टेबलावरची कोमल मागे येऊन उभी राहिली.

"काका, काय करून राहिले?"

"अर्ज लिवून राहिलो. माफीचा."

कोमलनं वाचलं. 'मी माणिकराव, हेडक्लार्क, मारुतीच्या देवळामागे राहणार, अर्ज करतो की, आमचे मॅनेजर बालाजीराव यांची मुलगी प्रतिक्षा हिची माहिती मी आपणास चुकून दिली. तिचे मागील स्थळ मोडले त्यात तिचा काडीचा दोष नाही. तरी सर्व विसरून जावे ही नम्र विनंती.'

"काका, तुमी तर पुन्ना सगळं सांगितलं की. वरतून सोताचा पत्ताबी दिला."

"अर्जाला पत्ता लागतोच न्हाई का?"

"अन् ते काय म्हणलं?"

"म्हणतंय, तुमची भावना समजली. प्रतिक्षासाठी नवीन बायोडाटा लिहून देऊ का?"

कोमलनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात मॅडमनी सगळ्यांना आत बोलावलं. आता या ऑफिसच्या कंप्युटरवरून एआयला काय काय विचारलं गेलंय ते भिंतीवर दाखवणार, असं त्यांनी जाहीर केलं. ज्यात खासगी माहिती सगळ्यात जास्त, ते सगळ्यात वर दिसणार होतं.

सगळ्यात वर कोण असणार याबद्दल माणिकरावांना शंका नव्हती. नोकरी जाणार हे तर होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे साहेबांच्या लेकीचं मोडलेलं स्थळ चारचौघांत भिंतीवर उमटणार होतं. पुढे कोणतं घर विश्वासानं पोरीची पत्रिका त्यांच्या हाती देणार होतं? त्यांनी मनातल्या मनात औंढ्याच्या नागनाथाला अभिषेक बोलला आणि ते उठून उभे राहिले.

"साहेब, एक सांगायचं व्हतं."

"खाली बसा, माणिकराव," बालाजीराव म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आपल्याच भीतीत बुडालेल्या माणिकरावांना ते दिसलं नाही.

भिंत उजळली. सगळ्यात वर नाव होतं मॅनेजर बालाजीरावांचं.

'एआय जबाबदारीने वापरण्याच्या प्रशिक्षणाचा अहवाल लिहून दे. सोबत सर्व कर्मचाऱ्यांची नावे, फोन व आधार नंबर देत आहे. प्रशिक्षण पुढच्या आठवड्यात आहे, पण झाले असे समजून लिही.' त्याखाली अहवाल होता. 'प्रशिक्षण उत्तम पार पडले. खासगी माहिती जपण्याचे महत्त्व सर्वांना पटले. शेवटी श्री. माणिकराव यांनी आभार मानले.'

भिंतीच्या अगदी तळाशी दुसऱ्या नोंदीचा, माणिकरावांच्या नावाचा, नुसता माथा दिसत होता आणि मॅडमचा हात तिकडेच निघाला होता. बालाजीराव उठले आणि त्यांनी प्रोजेक्टरची वायर उपसून काढली.

"लाइट गेली," ते म्हणाले.

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. मॅडमनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. माणिकराव सावकाश भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं.

"व्हय, गेली," ते म्हणाले. "आता संध्याकाळपस्तोर काय येत न्हाई."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. त्यांना नांदेडची बस गाठायची होती. "पण मला अहवाल घेऊन जायचाय. त्याचं काय करायचं?"

"अहवाल तयार हाय, मॅडम," बालाजीराव खालमानेनं म्हणाले. "माणिकराव, तेवढे आभार माना."

माणिकरावांनी हात जोडले. इतके मनापासून आभार त्यांनी आयुष्यात कुणाचे मानले नव्हते.