पगारेकाकांचे अठरा होल

आमच्या कॉलनीतले पगारेकाका समुद्रावर जायचं ठरवतात तेव्हा समुद्राचा विचार सगळ्यात शेवटी करतात. आधी गवत. मग वारा. मग गवताला पाणी कुठून येतं ते. हे सगळं जमलं आणि शेजारी समुद्र निघाला तर असू द्यावा बिचारा, एवढंच त्यांचं समुद्राबद्दल मत.

दर मे महिन्यात काका, काकी, मुलगा सुनील, सून आणि दोन नातवंडं भाड्याच्या ट्रॅक्समध्ये बसून कोकणात नाहीतर गोव्यात जातात. गाव काका निवडतात, आणि ते निवडतात जवळ गोल्फचं मैदान कुठं आहे ते बघून. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या, पेन्शनवरच्या माणसाला गोल्फ कशाला हवं, असं कॉलनीबाहेरचे लोक हसून विचारतात. हे हसू मला चांगलं ओळखता येतं. क्रिकेट बघा, कॅरम खेळा, पण गोल्फ? तुम्ही? त्या 'तुम्ही'तच सगळं आलं.

आता सांगून टाकते, मी स्वतः गोल्फच्या विरोधात आहे. धरणाच्या कडेला गोल्फचा बेत निघाला तेव्हा आमच्या संघटनेचं पत्रक मीच लिहिलं होतं, आणि आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. पण पगारेकाकांच्या गोल्फला हसणाऱ्या माणसाशी मी भांडते. यात विसंगती वाटत असेल तर वाटू द्या.

काकांनी चौतीस वर्षं देवळाली कॅम्पाच्या बाजूच्या एका गोल्फच्या मैदानावर गवत राखलं. 'कापलं' म्हणालात तर ते तुम्हाला थांबवतील. "कापतो तो न्हावी," ते म्हणतात, "आम्ही राखायचो." पहाटे साडेपाचला लांब लवचिक बांबू घेऊन ते ग्रीनवरून, म्हणजे होलभोवतीच्या मखमली गवतावरून, दव झाडत फिरायचे. दव तसंच राहिलं तर गवताला रोग पडतो. तेव्हापासून कुठल्याही कामाच्या सुरुवातीला त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "आधी दव झाडा."

एकाच कॉलनीत राहूनही माझी त्यांची ओळख भांडणातूनच झाली. नाशिकमध्ये गोल्फ क्लब नावाचं एक मैदान आहे. तिथं सभा होतात, क्रिकेट होतं, पोलीसभरतीची पोरं धावतात, आणि आमचे मोर्चेही तिथूनच निघतात. गोल्फ तेवढं होत नाही. एका सकाळी आम्ही बॅनर उलगडत होतो, तर टोपी घातलेला एक लुकडा म्हातारा आमच्या पायांपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, जरा दोन हात सरका, इथं हरळी धरायला लागलीय. मी म्हटलं, आजोबा, इथं माणसांच्या हक्काचा प्रश्न आहे. ते म्हणाले, प्रश्न तिकडं सरकवून विचारला तरी तेवढाच राहील. आमचा अख्खा मोर्चा दोन हात सरकला. त्यानंतर काकांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. जिन्यात भेटले की, "काय मोर्चाबाई, आज कुठं?"

गोल्फविरोधी पत्रक मी त्यांच्याकडेच तपासायला नेलं. म्हटलं, शत्रूच्या गोटातला माणूस आहे, चुका तरी सापडतील. काकांनी चष्मा लावून जिन्यातच पहिला परिच्छेद वाचला. त्यात 'नरभक्षक', 'मदांध', 'रक्तपिपासू' असे माझे आवडते शब्द होते. त्यांनी पेन्सिलनं सगळ्यावर एक तिरकी रेघ मारली. "हे सगळं दव आहे, झाडा. पाणी किती, कुणाच्या वाट्याचं, ते वर घ्या." मग पाण्याबद्दलची माझी दोन वाक्यं दुरुस्त करून दिली, आणि ती दुरुस्ती माझ्या बाजूनं होती. मी जेवढं पाणी लिहिलं होतं त्यापेक्षा जास्त लागतं म्हणाले. मी विचारलं, मग तुम्हाला हा खेळ आवडतो कसा? ते म्हणाले, "खेळ मला कुठं माहीताय? मला गवत माहीताय."

आणि खरोखर, त्या माणसानं चौतीस वर्षांत एकही डाव खेळला नव्हता. बदली होऊन जाणाऱ्या साहेबांनी जुन्या काठ्या दिल्या होत्या, तीन. एक मारून बघ, असंही कुणीकुणी म्हणायचं. काका नाही म्हणायचे. कामावर असताना मारायचं नाही, हा त्यांनीच स्वतःला घालून घेतलेला नियम. त्यामुळं निवृत्तीनंतर त्यांची इच्छा एकच उरली होती, आणि ती कॉलनीत सगळ्यांना पाठ होती: एकदा खेळायला आलेला माणूस म्हणून पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत चालायचं. नऊ चालणार नाहीत. बारा चालणार नाहीत. अठरा.

नाशिकच्या आसपास मिळालं असतं, पण ओळखीच्या मैदानावर त्यांना जायचं नव्हतं. हात आपोआप बांबूकडे जाईल म्हणाले. म्हणून समुद्र. तिथलं गवत अनोळखी.

निवड दिवाळीनंतर सुरू व्हायची. काका जोडकार्डं आणायचे, म्हणजे एका कार्डाला उत्तराचं दुसरं कोरं कार्ड चिकटलेलं असतं ती. साहेब लोकांच्या सहवासात शिकलेल्या इंग्रजीत तीन प्रश्न लिहायचे. पहिला, ग्रीनवर गवत कोणतं. दुसरा, सकाळी वारा कुठून. तिसरा प्रश्न ते आम्हाला वाचून दाखवायचे नाहीत. निम्मी कार्डं परतच यायची नाहीत. एका क्लबानं 'फक्त सभासदांसाठी' असा शिक्का मारून कार्ड परत पाठवलं, तर काका म्हणाले, शिक्का तिरका पडलाय, यांचं गवतही तसंच असणार. अलिबागकडच्या एका बंगलेवाल्यानं मोठ्या प्रेमानं लिहिलं की आमच्याकडे सहा होल आहेत, तीनदा फिरलात की अठरा. काकांनी ते कार्ड सुनीलपुढं टाकलं. "साही त्रिक अठरा हा पाढा झाला. खेळ नाय झाला."

एका वर्षी तर त्यांनी सगळं घर रत्नागिरीच्या बाजूला एका गावी नेलं. तिथल्या एका निवृत्त कप्तानानं अठरा होल असल्याचं कळवलं होतं. होल होते. कातळावर अठरा डबे पुरून त्यांत अठरा झेंडे रोवलेले होते आणि गवत म्हणून जे होतं ते म्हशी खात होत्या. समुद्र तिथून चार मैल. नातवंडं रडायला लागली, आजोबा, समुद्र कुठाय? काका म्हणाले, वास येतोय ना. तीन दिवस घरानं समुद्राचा वास घेतला, आणि काकांनी त्या कप्तानाला हरळी कशी लावायची ते शिकवलं. खेळायचं राहिलंच.

हे सगळं घडत असताना काकी काय करायच्या? काही नाही. काकी सायखेडा या गावच्या. घरात गवताचा विषय निघाला की पदर खोचून एवढंच म्हणायच्या, "गवताचं बोलायचं असंल तर भाईर." आणि काका निमूटपणे कार्डं उचलून जिन्यात येऊन बसायचे. मला वाटायचं, कंटाळल्या असतील. कोण नाही कंटाळणार?

मग एका वर्षी सगळं जमून आलं. गोव्याच्या दक्षिणेला एका हॉटेलच्या मैदानाचं उत्तर आलं, तिन्ही प्रश्नांची उत्तरं नीट टाइप केलेली. सुनीलच्या कंपनीतल्या एका साहेबाच्या ओळखीनं एका माणसाला एका सकाळी खेळायची परवानगी मिळाली. घाईही होती. काकांचा उजवा गुडघा गेला होता आणि पावसाळ्यानंतर ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, नंतर चालाल, पण एवढं नाही. म्हणजे खेळायचं तर याच मेमध्ये. मला मडगावला एका बैठकीला जायचंच होतं, तेव्हा ट्रॅक्सच्या मागच्या सीटवर, खाऊच्या डब्यांच्या आणि तीन काठ्यांच्या मधे, मीही बसले.

सकाळी सहाला आम्ही सगळे त्या मैदानाच्या काउंटरवर. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. काउंटरवरच्या माणसानं नियम सांगितले. आत फक्त खेळणारा आणि त्याची पिशवी उचलणारा कॅडी. घरच्यांनी बाहेर थांबायचं. दहाच्या आत बाहेर यायचं. कॅडी आमचा घ्या नाहीतर तुमचा आणा.

काका म्हणाले, "माझा आणलाय." आणि काकीकडे बोट केलं.

सुनीलनं कपाळाला हात लावला. माझं डोकं तर लगेच तापलं. चौतीस वर्षं या बाईनं पहाटे चारला उठून डबा केला आणि आता वर पिशवीही उचलायची? मी तोंड उघडणार एवढ्यात काउंटरवाला म्हणाला, बाई कशा चालतील. काकांनी खिशातून ते टाइप केलेलं कार्ड काढून त्याच्यापुढं ठेवलं. तिसरा प्रश्न तेव्हा आम्ही पहिल्यांदा वाचला. माझी पत्नी कॅडी म्हणून सोबत आली तर चालेल का? खाली उत्तर, हरकत नाही.

म्हणजे इतकी वर्षं जी मैदानं गवतावरून, वाऱ्यावरून, शिक्क्यावरून नापास झाली, ती खरं तर कशावरून झाली होती ते आत्ता कळलं.

काकी म्हणाल्या, मी नाय येत त्या गवतात. काकांनी काठ्यांच्या पिशवीतून नवेकोरे कॅनव्हासचे बूट काढले आणि गुडघा सांभाळत खाली बसून त्यांच्या पायांपुढं मांडले. बरोबर मापाचे. काकींनी इकडंतिकडं पाहिलं. मग, लोकं बघायलेत, असं पुटपुटत त्यांनी ते घातले. पिशवी त्यांनी उचलायला घेतली, तर काकांनी काढून घेतली आणि आपल्याच खांद्याला लावली. काकींच्या हातात फक्त फटके मांडायचं कार्ड आणि पेन्सिल दिली.

मग ते दोघं गेले. कुंपणातून पहिला होल दिसत होता. काका बॉलसमोर उभे राहिले, काठी उचलली आणि खाली ठेवली. परत उचलली, परत ठेवली. असं पाच वेळा. सुनील म्हणाला, गुडघा दुखतोय वाटतं. मला कळलं होतं. काठी जोरात लागली की गवताचा लचका निघतो. असले लचके काकांनी आयुष्यभर अंगठ्यानं दाबून परत बसवले होते, आणि आता त्यांना स्वतःच्या हातानं एक काढायचा होता. अखेर त्यांनी काठी वरच्यावर फिरवली. बॉल दहा पावलं गेला. गवताला धक्काही लागला नाही. काकींनी कार्डावर काहीतरी लिहिलं.

आठ वाजले, नऊ वाजले. मागून आलेले लोक खेळून बाहेर पडले, यांचा पत्ता नाही. दहाला काउंटरवाल्यानं माणूस पाठवायची भाषा सुरू केली. मग मी माझं मोर्चातलं शिक्षण कामाला लावलं. हे मैदान कुणाच्या शेतावर उभं आहे, पाणी कुठल्या नदीचं, कामगार किती कायम आणि किती कंत्राटी, असे एकामागून एक प्रश्न विचारत मी त्याला सव्वाअकरापर्यंत जागचा हलू दिला नाही. आयुष्यात एकदाच मी गोल्फच्या बाजूनं लढले.

साडेअकराला दोघं आले. काकांची नखं मातीनं काळी झाली होती, आणि काकींचीही. सुनीलनं कार्ड हिसकावून घेतलं. चौथी शिकलेल्या काकींनी मराठी आकड्यांत सगळं मांडलं होतं. पहिल्याला अकरा, दुसऱ्याला चौदा, तिसऱ्याला तेरा. नवऱ्याचा एकही फटका माफ केला नव्हता. पण चौदाव्या होलपुढचा चौकोन कोरा.

"बाबा, हा राहिला की. सतराच झाले."

"राहिला," काका म्हणाले, आणि बूट सोडायला बसले.

सुनील हळहळत राहिला. इतक्या वर्षांचा आटापिटा आणि एका होलसाठी अपुरा. परत जाऊन तेवढा खेळता येईल का, म्हणून तो काउंटरवर विनवण्याही करून आला. काका शांत होते. कुठल्याही मैदानाचा शिक्का तिरका आहे असं त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.

संध्याकाळी समुद्रावर पोरं पाण्यात होती आणि काका त्यांच्यावर लक्ष ठेवून गुडघाभर पाण्यात उभे होते. काकी आणि मी वाळूत बसलो होतो. मी विचारलं, चौदाव्याला काय झालं?

"काय व्हायचंय," काकी म्हणाल्या. मग आपणहून बोलल्या. लहानपणी त्या आणि त्यांची आई लोकांच्या बांधावरचं गवत कापून भारे विकायच्या. बांधवाल्याच्या शिव्या खायच्या. मान वाकडी व्हायची. लग्न ठरलं तेव्हा बापानं सांगितलं, जावई मिलिटरीच्या गावात नोकरीला आहे. लग्न होऊन आल्या आणि आठ दिवसांनी कळलं, नवरा गवत कापतो. त्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं की या घरात गवताचं नाव निघायचं नाही. आणि काकांनी ते पाळलं.

"आज म्होरं समुद्र दिसाया लागला, तिथं जरा टेकलो. मीच इचारलं. म्हटलं, एवढं कापलेलं गवत जायचं कुठं?" काकींनी मूठभर वाळू उचलली आणि सोडून दिली. "कडंचं उंच गवत असतं ना, त्याचे भारे बांधून मागच्या गेटाला ठिवायचे म्हणं. रोज. बाया येऊन न्यायच्या. कुणी बोलायचं नाय त्यांना. चौतीस वर्सं."

मी त्यांच्याकडे वळून विचारलं,

"तुम्हाला कधीच सांगितलं नाही?"

"मी कुठं सांगू दिलं?"

पाण्यातून काका नातवाला काहीतरी ओरडून सांगत होते. काकी तिकडं बघत म्हणाल्या, "मंग मी इचारत गेले, हे सांगत गेले. तेवढ्यात मागून खेळणारी माणसं आली. म्हणाली, चला, म्होरं व्हा. तर हे काय म्हणाले माहीतेय? उठले सुद्धा नाय. म्हणाले, तुम्हीच जा म्होरं. आमचं बोलणं चाललंय."