पांचाळांचा चौतारी जोड आणि मुळ्यांचे नाव

श्रीगजवदनास नमन, आणि तारेतून धावणारी जी चंचल वीजदेवी, जिचे कृपेने यंत्रे चालतात व जिचे रोषे धूर निघतो, तियेस दुरूनच नमन करून हकीकत लिहितो.

शके एकोणीसशे दोन, रौद्रनाम संवत्सरी, एका दौलतीत अंबिकाराजे राणीसाहेब राज्य करीत होत्या. राजधानीचे खालचे अंगास मोठे धरण, आणि त्याचे दरवाजे उघडावयास राणीसाहेबांनी संगणकयंत्र आणविले, आणि यंत्राचे पोटात जी चकती सारी याददाश्त राखिते तियेस वीज पोचवावयास सटवोजी पांचाळ यांनी जोड सिद्ध केला. जोड पांढरा, तारा चार, एक पिवळी, दोन काळ्या, एक तांबडी, आणि उलटा बसू नये म्हणोन दोन कोपरे तासलेले. एकदा बसला म्हणजे ऐसा बसे की उपसताना बोटांची साले निघत, आणि सटवोजी याचाच बहुत अभिमान धरीत.

परंतु पूर्वी बाळोजी मुळे यांनी त्याच घाटाचा धाकटा जोड केला होता आणि तो कारखान्यात बहुत चालला होता, त्यामुळे लोक नव्यासही 'मुळे'च म्हणू लागले. 'मुळे सैल झाला', 'मुळ्याला दाबून बसव', ऐसे सर्वत्र चालले. बाळोजी भला माणूस, वाटेत लोकांस थांबवून सांगे, "अहो, हा माझा नव्हे, पांचाळांचा." लोक म्हणत, "मुळे, तुमचा विनय मोठा!" मग हे सटवोजींचे कानी गेले आणि ते भरल्या ताटावरून उठले आणि तडक दरबारी आले आणि बोलिले, "राणीसाहेब, लेकरू माझे, आणि हाक मारिती शेजाऱ्याचे नावाने!"

राणीसाहेबांनी हसू पदराआड केले आणि नाव ठरवावयाची आज्ञा केली. मग मुत्सद्दी बसले, आणि प्रत्येकास आपला एक शब्द घालणे अगत्याचे वाटले, आणि 'श्रीमत्सटवोजीपांचाळकृत शुभ्र चतुस्तार वीजवाहक जोड' ऐसे नाव सिद्ध जाहले. दवंडी फिरली की जो मुळे म्हणेल तो चाकरीतून दूर होईल, आणि ऐकावयास मनाजी चोपदार कारखान्यात उभे राहिले.

पुढे भाद्रपदात धरण तुडुंब भरले आणि फुगवटा राजधानीकडे चढू लागला. राणीसाहेब स्वतः कारखान्यात आल्या आणि दरवाजे उघडावयाचा हुकूम सुटला, तों यंत्र मुके. यंत्राधिकारी त्र्यंबकपंत मेजाखाली शिरले आणि पाहतात तो चकतीचा जोड जळाला होता. नाना प्रकारच्या जोडांची टोपली चोपदाराजवळ होती. पंत आतून ओरडले, "तो पांढरा द्या!"

"सारेच पांढरे आहेत. नाव सांगा."

"श्रीमत्सटवोजी... शुभ्र चतुस्तार जोड!"

"वीजवाहक राहिले," चोपदार बोलिले. "पुनः म्हणा."

पंत पुनः म्हणू लागले, तों घाबरून शुभ्र विसरले आणि चतुस्ताराचा त्रितार जाहला. इतक्यात जासूद धावत आला की कुंभारआळीत पाणी शिरले, लोक पोरेबाळे घेऊन कौलांवर चढले. सटवोजी तेथेच उभे होते, आणि त्यांचे घर कुंभारआळीत, आणि घरात सून बाळंतीण. ते अंगरखा सावरीत पुढे झाले आणि सारा कारखाना हादरेल ऐसे गर्जले, "अरे मुळे दे त्यांना! मुळे! मुळे!"

आणि दहा हात टोपलीत पडले, आणि जोड आत गेला, आणि खटका वाजला, आणि चकती घुमली, आणि दरवाजे उघडून पाणी उतरू लागले.

मग मनाजी खाकरले आणि राणीसाहेबांस पुसिले, "दवंडीप्रमाणे पांचाळांस दूर करावे काय?" राणीसाहेब बोलिल्या, "मनाजी, आज तुम्हांस ऐकू कमी येते." सटवोजी तेथेच जमिनीवर बसले, त्यांस हसू की रडू कळेना. मग बाळोजी मुळे यांनी त्यांस हात देऊन उठविले आणि म्हणाले, "पांचाळ, चला, घरी जाऊ. सूनबाईंचे पाहू." आणि दोघे चिखलातून कुंभारआळीकडे गेले, तो बाळंतीण कौलांवर सुखरूप आणि बाळ झोपलेले.

तात्पर्य, दवंडी मागे घेतली, जोड पांचाळांचा राहिला, नाव मुळ्यांचे राहिले, आणि सटवोजी पुढे स्वतःच 'मुळे' म्हणत, परंतु म्हणताना अंमळ थांबत. इतकी हकीकत.