न विकलेल्या मशीनची बातमी

एकनाथ नाना आमच्या धुळ्याच्या कचेरीत आले की खुर्चीवर बसायच्या आधी बातमी मोजायचे. गळ्यात शिंप्याची टेप लोंबतच असे. ती काढून अंकावर लावायची, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "साडेचार इंच धाडेल व्हती. आठे दीडच शे. तीन इंच कोनी खादा?"

ते तीन इंच मी खाल्लेले असत. मी तेव्हा जिल्हा पानाचा उपसंपादक होतो, आणि नाना नरडाण्याचे आमचे वार्ताहर. धंदा टेलरिंगचा, दुकान स्टेशन रोडला. बातम्या लिहायचे त्या मापाच्या वहीतल्या कागदांवर. त्यामुळे एकदा सरपंचांच्या सत्काराच्या बातमीत 'कंबर बेचाळीस, सैल ठेवणे' हेसुद्धा छापून गेलं. सरपंच तणतणत कचेरीत आले. नानांना बोलावून जाब विचारला, तर ते शांतपणे म्हणाले, "बठ्ठं खरं शे. मीच मोजेल शे." दुरुस्ती छापायचा प्रश्नच उरला नाही.

त्यांचं पाकीट शिरपूरहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलेलं असे. वर लाल शाईनं 'अतितातडीचे'. आत स्टेशनच्या नळाला पाणी आल्याची बातमी.

कारगिलचं युद्ध सुरू झालं आणि आमचे संपादक दादासाहेब यांच्या अंगात वीरश्री संचारली. ते स्वतः कूलरच्या समोरून हलत नसत, पण सगळ्या वार्ताहरांना फर्मान सुटलं: "युद्धकाळातलं रोजचं जगणं टिपा! युद्धाशी संबंध नसलेली एक ओळ छापणार नाही." बाकीच्यांनी प्रभातफेऱ्या आणि रक्तदान शिबिरं पाठवली. नानांनी तोडगा काढला. बातमी तीच, फक्त पुढे एक ठिगळ.

'सीमेवर तोफा धडधडत असताना येथील आबांची म्हैस व्याली. पारडू सुखरूप.'

'सीमेवर तोफा धडधडत असताना अक्कांनी गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या वानरांनी पळवल्या. ग्रामस्थांत संतापाची लाट.'

दादासाहेबांना हे युद्धाचं वार्तांकन वाटेना. मला मात्र हसू आवरेना, म्हणून मी थोडं थोडं छापत राहिलो. पण एक बातमी मी दर आठवड्याला न चुकता टोपलीत टाकत होतो. ती अशी: 'सीमेवर तोफा धडधडत असताना स्टेशन रोडवरील एका टेलरने आपले दुसरे शिलाई मशीन विकले नसल्याचे समजते. सदर मशीन जागच्या जागी आहे.'

"नाना, विकलं नाही ही काय बातमी झाली? मीही माझी सायकल विकलेली नाही."

"तुमनी सायकल कोन इचारस? हाई बातमी शे, भो. छापा."

"जागा नाही."

"कापड कमी पडनं ते आम्ही गिऱ्हाईकले बलावतस. तुम्ही न इचारता कात्री चालाडतस." टेप गळ्यात टाकून ते तरातरा निघून गेले. पुढच्या मंगळवारी तीच बातमी पुन्हा हजर, सोबत 'मागील प्रमाणे' असा शेरा.

पाचव्यांदा ती नेमकी दादासाहेबांच्याच हाती पडली. "हा टेलर स्वतःच्या दुकानाची फुकट जाहिरात करतोय," ते कडाडले. "वार्ताहर म्हणून त्याला काढून टाका. तुम्ही जाऊन सांगा." कडू कामं सांगायची वेळ आली की दादासाहेबांना माझी आठवण हटकून व्हायची.

भर दुपारी मी नरडाण्याला उतरलो. दुकानात दोन मशीन. एकावर नाना, दुसऱ्यावर पांढरं कापड, त्यावर धुळीचा कण नाही. नाना आमचाच अंक घडी करून वेष्टनात घालत होते. पत्ता वळणदार अक्षरात लिहिलेला: शिपाई सुभाष एकनाथ, पुढे पलटणीचं नाव आणि फौजेच्या टपालाचा नंबर.

"कोण हा?" मी विचारलं.

"मना आंडोर." मुलाच्या नावाच्या वेष्टनाला खळ लावत ते म्हणाले. "हाई मशीन त्यानासाठेच लयेल व्हतं. तो फौजमा गया. मी रागमा बोली गऊ, मशीन इकी टाकसू, आते दुकानमा पाय ठेवू नको."

दोन वर्षं झाली होती त्याला. नानांनी तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. पण सुट्टीवर आलेल्या त्याच्या एका दोस्तानं सांगितलं होतं, की सुभाष पेपर मात्र वाचतो. बिबड्यांची बातमी तर त्यानं वर, बर्फाच्या डोंगरात, सगळ्यांना वाचून दाखवली होती.

"चिठ्ठी तो उघडस नही," नाना म्हणाले. "बातमी वाचस."

"मग मला आधी सांगायचं नाही का?"

"सांगतु ते तुम्ही दया करी छापतात. माले दया नही पाहिजे. बातमी शे ती."

मला लाज वाटली. चार वेळा मी बापाचा निरोप टोपलीत टाकला होता, आणि वर सायकलीचा विनोद केला होता. ज्या कामासाठी आलो होतो ते न सांगताच मी चहा पिऊन परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी ती बातमी चौकटीत छापली. एक अक्षर न कापता, तोफांसकट. दादासाहेबांनी अंक माझ्यासमोर आपटला, "हे काय आहे?"

"युद्धकाळातलं रोजचं जगणं," मी म्हणालो. स्वतःचंच वाक्य असल्यामुळे त्यांना ते खोडता आलं नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. शहीद जवानांची नावं येत, ती मी आधी एकटा वाचून घेई आणि मगच पुढे देई. नानांची पाकिटं येतच होती, पण बातम्या आखूड होत चालल्या. एका पाकिटात तर नुसतंच 'नरडाणा : विशेष काही नाही' होतं.

महिना होत आला तेव्हा वाचकांच्या पत्रांत एक आंतर्देशीय सापडलं. 'मा. संपादक यांस. आपल्या अंकातील नरडाण्याची बातमी वाचली. सदर मशीनला दर पंधरा दिवसांनी तेल घालावे, नाहीतर ते जाम होते. तेलाची बाटली डाव्या खणात आहे. - एक वाचक.' खाली पलटणीचा शिक्का.

मी ते जसंच्या तसं छापलं. नाना सकाळच्या पहिल्या एसटीनं आले. त्यांनी टेप काढली, छापलेल्या पत्रावर लावली. मग पुन्हा एकदा लावली. मी म्हणालो, "नाना, दीडच इंच आहे हो."

त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली आणि चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला.

"भरपूर शे, भो," ते म्हणाले.