भिंतीपलीकडच्या ऑपरेटर

आमच्या टीममध्ये कागदोपत्री सात माणसं आहेत. प्रत्यक्षात आठ. आठव्या म्हणजे आमच्या शेजारच्या गायकवाड मावशी. वय एकाहत्तर. आमची कंपनी नक्की काय करते ते मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं आणि दोन्ही वेळा त्यांनी "असू दे" म्हणून विषय संपवला. माझं सोडलं तर टीममधल्या एकाचंही तोंड त्यांनी पाहिलेलं नाही. तरी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की त्या विचारणार, "नाशिकवाल्याचा घसा बसला होता काल. बरा आहे का?" किंवा, "आज साहेबाला जपून हां. काल जेवलाच नव्हता तो."

चारकोपच्या सेक्टरातली आमची घरं एकमेकांना खेटून ओळीत उभी आहेत आणि मधली भिंत अर्ध्या विटेची आहे. माझं टेबल त्याच भिंतीला लावलेलं, कारण घरातला धड चालणारा एकुलता एक प्लग तिथे आहे. बायको सकाळी मालाडला कामावर गेली की दिवसभर मी, लॅपटॉप आणि ती भिंत. औषधांच्या दुकानांना आमचं सॉफ्टवेअर लागतं, ते अडलं की सोडवून द्यायचं, हे माझं काम. ते सगळं बोलून करायचं, तेही स्पीकरवर. आणि भिंतीपलीकडे मावशी लसूण सोलत बसलेल्या.

"मी ऐकत नाही हां," त्या स्वतःहून सांगतात. "कानावर पडतं."

मावशी अकोल्याच्या. विशीत मुंबईला आल्या आणि ट्रंक एक्स्चेंजमध्ये टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या. लांबचा फोन करायचा तर नंबर नोंदवून ताटकळत बसावं लागायचं, तो जमाना. त्यांच्या भिंतीवर बुद्धाची एक शांत तसबीर आहे आणि तिच्याशेजारी खिळ्याला त्यांचा जुना हेडसेट टांगलेला आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो आणि रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवतो.

आमची खरी ओळख झाली ती एका टेम्पोमुळे. घरून काम सुरू होऊन महिनाच झाला होता. आमच्या गल्लीत भंगारवाला येतो, सुऱ्यांना धार लावणारा येतो, समोर एक इमारत पाडतायत आणि मागे इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कुणीतरी दिवसभर पत्रा कापत असतो. या सगळ्यावर कडी म्हणजे कांदे-बटाट्यांचा टेम्पो. त्याच्या भोंग्यातून एकच वाक्य अखंड वाजतं. त्या दिवशी कोइम्बतूरहून आमचे साहेब कॉलवर होते. त्यांनी मला थंडपणे विचारलं, "निलेश, तू मंडईत बसून काम करतोस का?" मी म्यूट करून खिडकीशी धावलो, तर मावशी आधीच गल्लीत. मॅक्सीवर ओढणी, एक हात टेम्पोच्या बॉनेटवर.

"बंद कर ते. आत ट्रंक कॉल चालू आहे."

टेम्पोवाला चाळिशीचा बाप्या. ट्रंक कॉल म्हणजे काय हे त्याला कळलं नसावं, पण त्या आवाजाला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. भोंगा बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या दारात. "आजचे कॉल सांग. आणि क्लास सांग."

क्लास म्हणजे त्यांच्या खात्यातले तीन. साधा तो ऑर्डिनरी, घाईचा तो अर्जंट आणि सगळ्यांना बाजूला सारून पुढे जाणारा तो लाइटनिंग. माझी रोजची टीम मीटिंग ऑर्डिनरी, तेवढ्यापुरता फक्त भंगारवाला कोपऱ्यावर थांबवला जातो. साहेबांची मीटिंग अर्जंट, त्या वेळी मावशी स्वतःच्या कुकरखालचा गॅस बंद करतात. आणि एखादा मोठा दुकानदार चिडून कॉलवर येणार असेल तर ते लाइटनिंग. त्या वेळी समोरच्या पाटकरांच्या पोपटावरसुद्धा चादर पडते. पाटकर एकदा कुरकुरले की पोपटाने काय घोडं मारलंय. मावशी म्हणाल्या, "त्याला काही काम नाही, ह्याला आहे." पाटकर गप्प झाले, पोपटही.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर चांगली शेजारीण म्हणून मी त्यांचे आभार मानले असते. पण त्या माझ्या बोलण्यावरही नजर ठेवायच्या. एका दमात तीन मिनिटांपेक्षा जास्त बोललो की भिंतीवर टकटक यायची. माझी सुरुवातीला फार चिडचिड झाली. अरे, माझं घर, माझी नोकरी, मी वाटेल तेवढं बोलेन! मी तसं सांगूनही पाहिलं. त्या म्हणाल्या, "ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांत लोकांनी लग्नं ठरवलीयत रे निलेश. तुला एक बिल छापत नाही हे सांगायला दहा लागतात?" साहेब बरेच दिवस समजत होते की आमच्याकडे फरशीचं काम चालू आहे.

त्यांचं कानावर पडणं मात्र विलक्षण. नाशिकचा अमित एक दिवस नेहमीसारखा बोलला आणि मावशी म्हणाल्या, "ह्याचं लग्न ठरलं." दोन आठवड्यांनी अमितने पेढ्यांचा फोटो पाठवला. साहेबांबद्दल त्यांचं मत असं, की त्यांना दम लागतो. "जिना चढून आला की तुझ्यावर ओरडतो तो. पाच मिनिटं थांबून बोलत जा." मी तसं करून पाहिलं आणि साहेब माझ्याशी चक्क माणसासारखे बोलायला लागले. त्यानंतर मी मावशींची थट्टा करायचं कमी केलं. पूर्ण सोडलं नाही, आणि तिथेच चुकलं.

आमच्यात पल्लवी म्हणून एक मुलगी आहे, नागपूरची. हुशार, कमी बोलणारी. एका मंगळवारी मावशी दारात आल्या. चेहरा गंभीर.

"त्या नागपूरच्या पोरीचं 'हो सर' बदललंय."

"म्हणजे?"

"आधी 'हो' म्हणून जरा थांबायची, मग 'सर'. आता घाईत उरकते. रडू फुटायच्या आत लाइन सोडतेय ती. तिला फोन कर."

"करतो."

"ऑर्डिनरी नाही. लाइटनिंग."

मी हसलो. आणि फोन केला नाही. खरं सांगायचं तर मला संकोच वाटला. ऑफिसात शेजारी बसलेल्या माणसाला चहा घेतेस का म्हणून विचारता येतं. दोन वर्षं नुसत्या आवाजाने ओळखीच्या असलेल्या मुलीला काय विचारायचं? मी "सगळं ठीक ना?" असा मेसेज टाकला. तिने अंगठा पाठवला. मी तो अंगठा मावशींना नेऊन दाखवला.

"अंगठ्याला आवाज असतो का?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

शुक्रवारी दुपारी मी जेवून ताट घासत होतो तेव्हा मावशी पहिल्यांदा आमच्या घरात आल्या. एरवी त्या उंबऱ्याच्या आत येत नाहीत. सरळ माझ्या खुर्चीत बसल्या.

"केलास फोन?"

"मावशी, तिने ठीक आहे म्हणून सांगितलंय ना..."

"ऐक," त्या म्हणाल्या. "माझी दुपारची ड्यूटी असायची. दर शनिवारी एक बाई मूर्तिजापूरला कॉल लावायची, वडिलांच्या दुकानात. नवीन लग्न होऊन मुंबईला आलेली. तीन मिनिटं नुसतं 'मी मजेत आहे, मी मजेत आहे.' आणि दर शनिवारी आवाज बारीक होत चाललेला. मला कळत होतं रे. पण ऑपरेटरने मध्ये बोलायचं नाही. सुपरवायझर मागे उभी. एका शनिवारी वडिलांनी फोन ठेवला तरी हिने ठेवला नाही. म्हणाली, 'ऑपरेटर, तुम्ही आहात का?'"

"मग?"

"मी होते ना. कानाला हेडसेट लावून बसलेली. मी म्हटलं, 'तीन मिनिटं झाली,' आणि बोर्डातली कॉर्ड काढली. पुढच्या शनिवारी तिने कॉल लावला नाही. पुन्हा कधीच नाही."

"काय झालं तिचं?"

"मला काय माहीत? आम्हाला पुढचं कधी कळायचंच नाही. चौतीस वर्षं नुसतं अर्धं अर्धं ऐकलंय मी."

मला माझीच लाज वाटली. हात पुसले, लॅपटॉप उघडला आणि पल्लवीला कॉल लावला. तिचा कॅमेरा बंद होता. मावशींनी माझाही बंद करायला लावला. "तोंडं नकोत. तोंडं दिसली की माणसं नीट बोलत नाहीत."

"बोल ना दादा," पल्लवी म्हणाली. "काही राहिलं का माझं?"

"नाही गं. सहजच. बरी आहेस ना?"

"हो, एकदम मस्त."

झालं. मी "बरं मग" म्हणणार, तेवढ्यात मावशी लॅपटॉपकडे वाकल्या. डोळे मिटलेले. आणि मी कधीच न ऐकलेल्या बोलीत, त्यांच्या अकोल्याच्या बोलीत, म्हणाल्या, "काय झालं वं माय? मले सांग. मी हावो लाइनवर."

पलीकडून एक हुंदका आला, आणि मग रडणं थांबेचना. मावशींनी तिला रडू दिलं. "हं," म्हणत राहिल्या, "हं, माय." हळूहळू सगळं बाहेर आलं. आईला अर्धांगवायूचा झटका आला होता, तीन आठवड्यांपूर्वी. घरात दोघीच. आईला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची आणि मीटिंगच्या वेळी खुर्चीत येऊन 'हो सर' म्हणायचं. सांगितलं तर नोकरी जाईल या भीतीने ती कुणाला काही बोलली नव्हती. सोमवारी मोठ्या डॉक्टरांकडे तपासणी होती आणि आईला उचलून नेणार कसं, हेही तिला कळत नव्हतं.

या शेजारच्या मावशी, एवढं मी मध्येच सांगितलं. मावशींनी एकेक गोष्ट विचारली. नागपुरात त्यांची भाची आहे, तिला मुलासकट सोमवारी सकाळी पाठवते म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साहेबाशी हा बोलेल." मी म्हणालो, "आजच बोलतो." पल्लवीचा आवाज जरा मोकळा झाला. तिने विचारलं, "मावशी, तुमचा नंबर द्याल?"

"लिही," मावशी म्हणाल्या. पहिले तीन आकडे सांगितले आणि अडकल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकल्या. अकोला, खामगाव, अमरावतीचे कितीतरी नंबर त्यांना अजून पाठ आहेत, आता कुठेच न लागणारे. स्वतःचा येईना.

"कोणी विचारतच नाही रे," त्या मला हळूच म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती.

"थांबा, मी सांगतो," म्हणून मी माझा फोन उघडला. गायकवाड, मावशी, शेजार, सगळं शोधून पाहिलं. चार वर्षं आम्ही एका भिंतीला पाठ लावून राहतोय. त्यांचा नंबर माझ्याकडेही नव्हता.

मग मी त्यांच्या फोनवरून मला एक मिस्ड कॉल दिला, आलेला नंबर पल्लवीला दोनदा वाचून दाखवला आणि आधी स्वतः सेव्ह केला. मावशी पुन्हा पुढे वाकल्या.

"सोमवारी डॉक्टर काय म्हनते ते मले सांगशीन, माय. आठवनीनं सांगशीन."

"सांगते मावशी," पल्लवी म्हणाली.

सोमवारी दुपारी पावणेतीनला तिने मावशींना फोन करून सांगितलं.