भगवंतरावांचा खोकला

मुलाखत ऋषिकेशची होती, पण घाम अख्ख्या आळीला फुटला होता. बंगळूरची मोठी कंपनी, लॅपटॉपवर बोलणं, आणि तीन फेऱ्या पार पडून आता शेवटची. याच टप्प्यावरून आधी दोन कंपन्यांनी त्याला हात हलवत परत पाठवलं होतं. या वेळीही तसंच झालं तर सौंसरच्या मामांच्या खताच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरून गेलं होतं. आणि मामांना तर घाईच होती.

“आवाज नको, बाबा,” ऋषिकेशने एवढंच सांगितलं होतं. पण भगवंतरावांना कुठलीही गोष्ट बेताने करायची सवय नव्हती. त्यांनी समोरच्या नत्थूजींची पिठाची चक्की बंद करवली. कुकरची शिट्टी होईल म्हणून ऋषिकेशच्या आईने, जयश्रीबाईंनी, गॅसच पेटवला नाही. नत्थूजी चार रिकामटेकडे जमवून दारापुढे सतरंजी टाकून बसले. कोणी आवाज केला की ओठांवर बोट ठेवायचं, एवढंच त्यांचं काम.

राहता राहिला भगवंतरावांचा खोकला. तो आजार नव्हता, ओळख होती. ते खोकले की आळी उठायची. “मी खाली राहिलो तं पोराचं वाटोळं होईन,” असं म्हणून ते उपरण्याचा बोळा तोंडाशी धरून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले.

मुलाखत सुरू झाली. थोड्याच वेळात नदीपलीकडच्या सावरगावचा प्रकाश मोटारसायकलवरून आळीत आला. चक्की बंद. जयश्रीबाईंच्या खिडकीतून फोडणीचा वास नाही. सतरंजीवर खाली माना घालून बसलेली माणसं. आणि भगवंतरावांचा खोकला नाही.

“काय झालं, नत्थूजी?”

नत्थूजींनी ओठांवर बोट ठेवलं, दुसऱ्या हाताने घर दाखवलं आणि मान हलवली. इतकं स्पष्ट सांगितल्यावर माणसाने आणखी काय विचारायचं? प्रकाशने तशीच गाडी वळवली आणि जाम नदीचा पूल ओलांडून तो भगवंतरावांच्या बहिणीच्या, केसरबाईंच्या दारात उभा राहिला.

इकडे ऋषिकेशचं बरं चाललं होतं. मग पडद्यावरच्या मॅडमनी चष्मा सारखा केला आणि इंग्रजीत विचारलं, “समजा, तुमच्याकडे पुष्कळ सर्व्हर आहेत. त्यातला एक मेला, तर बाकीच्यांना कसं कळणार?”

“प्रत्येक सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने ‘मी आहे’ असा निरोप पाठवतो. निरोप थांबला की तो मेला.”

“नक्की?”

या ‘नक्की’ची ऋषिकेशला चांगली ओळख होती. मागच्या दोन्ही वेळा घात यानेच केला होता. डोळ्यांपुढे खताची पोती दिसू लागली.

तेवढ्यात दोन ऑटो भरून बाया उतरल्या. नत्थूजींच्या बोटाला केसरबाईंनी भीक घातली नाही.

“अरे माह्या दादा! कायले गेला रे मले सोडून!”

जयश्रीबाई स्वयंपाकघरात दचकल्या. नवरा टाकीमागे गेला होता खरा, पण त्यानंतर खोकला ऐकूच आला नव्हता. नणंद एवढी रडून राहिली म्हणजे तिला काही कळलं असणार! त्यांनीही हंबरडा फोडला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “तुमच्याकडे काही वाईट झालं आहे का?”

ऋषिकेशने खिडकीतून पाहिलं. बंद चक्की, सतरंजी, आत्या. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“नक्की नाही, मॅडम! निरोप आला नाही म्हणजे मेलाच असं नाही. त्याला कोणी गप्प बसवलं असेल. आधी शेजारच्या दोघातिघांना विचारायचं, तुम्हाला दिसतो का? त्यांनीही नाही म्हटलं तरच मेला म्हणायचं. एकाच्या सांगण्यावरून रडायचं नाही.”

मॅडम सावरून बसल्या. “आणि मेलेला परत आला तर?”

बहिणीचं रडणं ऐकून भगवंतरावांनी तोंडावरचा बोळा काढला होता. साठवलेला सगळा खोकला जिन्यावरून त्यांच्याबरोबर खाली आला.

“कोण मेलं वं, केसर?”

“दादा, तू!” केसरबाई म्हणाल्या आणि मग किंचाळल्या.

“मंग मले काहून नाही सांगतलं?”

“परत आला,” ऋषिकेश मॅडमना म्हणाला, “तर सगळ्यांना पुन्हा कळवावं लागतं. तेच जास्त कठीण.”

नोकरी लागली. कठीण काम भगवंतरावांच्या वाट्याला आलं, कारण केसरबाईंनी ऑटोतूनच फोन लावून बोरगाव, तिगाव, सौंसर उरकलं होतं. ते पेढ्यांचा डबा घेऊन दारात बसले. बोरगावचे मनोहरराव पांढऱ्या कपड्यांत आले, त्यांना पाहून थबकले, पेढा खाल्ला आणि म्हणाले, “आता आलोच आहो, तं बसतो जरासा.” आणि सतरंजीवर मान खाली घालून बसले.

ऋषिकेश बंगळूरला गेला. तिकडे सर्व्हर जिवंत आहेत की मेले, हे बघणाऱ्या कामावरच त्याला घेतलं होतं, आणि त्या खात्यात त्याचा शब्द चालू लागला. रोज सकाळी तो घरी फोन करी. भगवंतराव आधी खोकत, मग बोलत.

एका सकाळी फोन लागला नाही. दुपारी लागला नाही. ऋषिकेशने नत्थूजींना विचारलं नाही, आत्याला विचारलं नाही, कोणालाच विचारलं नाही. मिळेल त्या गाडीने तो पांढुर्ण्याला आला आणि डोळे पुसत आळीत शिरला. भगवंतराव चक्कीवर गहू दळून घेत होते.

“काय झालं बे? रडून कायले राहिला?”

“तुमचा फोन…”

“पाण्यात पडला ना.” भगवंतरावांनी पिठाचा डबा त्याच्या हातात दिला आणि त्याच्या पाठीवर पिठाने भरलेला हात ठेवला. मग मनसोक्त खोकून म्हणाले, “अबे, नत्थूजीले तरी विचारायचं होतं!”